नॅनो पडदा आला म्हणून पंप फेकायचा?

मावशीने परवापासून तिसऱ्यांदा पाठवलाय तो मेसेज. ‘नॅनो फिल्टर आला! वीज नको, पंप नको, वरून समुद्राचं पाणी ओता, खालून गोडं घ्या. पडदा आयुष्यभर टिकतो, थेंबभर वाया जात नाही. कंपन्यांनी हे संशोधन दडपलंय.’ खाली तिचा प्रश्न: ‘आपला आरओ काढून टाकू का?’ मावशी, थांब. आधी तो स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेव.

सगळ्यात मोठी थाप ‘वीज नको, पंप नको’ ही. अगं, मनुका पाण्यात टाकली की फुगते ना? जिकडे विरघळलेलं जास्त, तिकडे पाणी आपणहून जातं. पाणी जाऊ देणाऱ्या पण मीठ अडवणाऱ्या पडद्याच्या एका बाजूला गोडं आणि दुसऱ्या बाजूला खारं पाणी ठेवलंस तर गोडंच खाऱ्यात निघून जाईल. त्याला उलटं फिरवायचं तर ढकलावं लागतं. समुद्राच्या पाण्यावर साधारण 27 बार (हवेच्या दाबाच्या जवळपास 27 पट) दाब दिला की कुठे ही ओढ थांबते. गोडा थेंब पडायला त्याहून जास्त हवा. शिवाय पाणी निघेल तसं उरलेलं आणखी खारं होतं. निम्मं काढलं की खारटपणा दुप्पट, लागणारा दाबही जवळपास दुप्पट. ते उरलेलं कुठेतरी सोडावंच लागतं, म्हणजे ‘थेंबभर वाया जात नाही’चाही निकाल इथेच लागला.

एलिमेलेक आणि फिलिप या संशोधकांनी 2011 साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत हा हिशेब मांडलाय. समुद्राच्या पाण्यातलं निम्मं गोडं करून काढायला हजार लिटरमागे किमान 1.06 युनिट ऊर्जा लागतेच, पडदा कितीही आदर्श असो. प्रत्यक्ष प्रकल्पांत सगळं धरून 3 ते 4 युनिट जातात. पडदा सुधारला तर वरचं थोडं वाचेल. 1.06 ची रेघ मिठाने आखलीय, ती हलत नाही.

आता, नॅनो म्हणजे निव्वळ भूलथाप असंही नाही, एवढं मान्य करावं लागतं. आरओच्या पडद्यात मीठ अडवणारा पॉलिअमाइड या प्लास्टिकचा थर मुळातच शे-दोनशे नॅनोमीटरचा, केसाहून शेकडो पट बारीक. संशोधक एरिक होक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये त्यात झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे नॅनोकण मिसळले. पाण्याला जास्तीची वाट मिळाली आणि मीठ पूर्वीसारखंच अडलं. त्यामुळे तेवढंच पाणी थोड्या कमी दाबात मिळू शकतं. कमी दाबात. बिनदाबाचं नव्हे.

आयुष्यभर टिकतो? पडद्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. तो मारायला क्लोरीन घालावा तर पॉलिअमाइडच खराब होतं. चांदीचे नॅनोकण लावून पाहिलेत, पण चांदी हळूहळू पाण्याबरोबर निघून जाते.

आणि दडपलंय म्हणे! होक यांचं काम शोधपत्रिकेत छापून आलं, त्यावर नॅनोएचटूओ नावाची कंपनी निघाली, 2014 मध्ये एलजी केम या कोरियन रसायन कंपनीने ती विकत घेतली. ते पडदे उघड बाजारात विकले गेले आणि खाऱ्या पाण्याच्या प्रकल्पांत बसले. पंपासकट.