टेलर, हिटलर आणि हुकलेलं पद : एका प्रतिक्रियेला उत्तर

टेलरवर मी जे लिहिलं होतं, त्यावरची तुमची खरमरीत प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं : ए. जे. पी. टेलर हा टीव्हीवर टाळ्या मिळवणारा ब्रिटिश इतिहासकार, त्याने हिटलरला निर्दोष ठरवलं, म्हणून ऑक्सफर्डने त्याला हाकललं, आणि मी त्याला उगाच डोक्यावर घेतलं.

आधी हाकलण्याचं. ऑक्सफर्डात कॉलेज वेगळं, विद्यापीठ वेगळं. 1963 मध्ये संपली ती विद्यापीठातल्या व्याख्यातापदाची मुदत. ती वाढवून दिली नाही. मॉडलिन कॉलेजातली (लिहायचं मॅग्डलेन, म्हणायचं मॉडलिन!) फेलोशिप (कॉलेजातली अध्यापकाची जागा) 1938 पासून 1976 पर्यंत चालूच होती. रेजियस प्राध्यापकपद, म्हणजे राजसत्तेच्या नावाने नेमणूक होणारं इतिहासाचं मानाचं पद, हुकलं 1957 मध्ये. तुम्हाला खटकलेलं, दुसऱ्या महायुद्धाच्या उगमावरचं पुस्तक आलं 1961 मध्ये. मग त्याची शिक्षा आधीच कशी मिळेल?

मात्र इथे माझंही चुकलं. 'डावा म्हणून डावललं' असं मी ठोकून दिलं होतं. रेजियस पदावरची नेमणूक तेव्हा पंतप्रधानाच्या सल्ल्याने होत असे. पंतप्रधान मॅकमिलनच्या काळात ते ट्रेव्हर-रोपर या दुसऱ्या इतिहासकाराला मिळालं. टेलरचं वर्तमानपत्री लिखाणही अनेकांना खुपत होतं. एकच कारण सांगणं बरोबर नव्हतं, वाक्य बदललंय.

टीव्हीबद्दल बोलायचं तर, कागद न घेता कॅमेऱ्यासमोर व्याख्यान देणारा हा गृहस्थ तरुणपणी व्हिएन्नाच्या दप्तरखान्यात बसला होता. 1847–49 मधल्या इटलीच्या प्रश्नावरचं त्याचं पहिलं पुस्तक त्यातून आलं. आणि दप्तरखान्याची शिस्त सांगणाऱ्या ट्रेव्हर-रोपरनेच 1983 मध्ये हिटलरच्या बनावट डायऱ्या आधी अस्सल ठरवल्या होत्या. असो, हा चिमटा विषयाला सोडून आहे.

आता हिटलर. टेलरने त्याला सोडून दिलं नाही, आजूबाजूच्या सगळ्यांना त्याच्यासोबत उभं केलं. परराष्ट्र धोरणात हिटलरची उद्दिष्टं आधीच्या जर्मन मुत्सद्द्यांपेक्षा फार वेगळी नव्हती, तो वेळापत्रक आखून नाही तर संधी साधत पुढे गेला, आणि ब्रिटन-फ्रान्सच्या धरसोडीने त्या संधी मिळत गेल्या, असा त्याचा युक्तिवाद. नोव्हेंबर 1937 मध्ये हिटलरने घेतलेल्या ज्या बैठकीचं टिपण, होसबाख टिपण, युद्धाच्या योजनेचा पुरावा मानतात, त्याला तो फारसं वजन देत नाही.

इथे मात्र मी तुमच्या बाजूला येतो. हिटलरचं वंशवादी लिखाण टेलरने दिवास्वप्न म्हणून बाजूला सारलं. 1941 पासून पूर्वेकडे जे घडलं (सोव्हिएत संघावरचं आक्रमण, ज्यूंचा संहार), ते नुसत्या संधिसाधूपणाने उलगडत नाही. पुस्तक 1939 च्या सप्टेंबरात थांबतं, हा बचाव मला स्वतःलाही पुरत नाही.