'तिकडे' म्हणजे कुठे?

रुग्णालयात शिरलं की आम्हा आंधळ्यांच्या कानांवर सगळ्यांत जास्त आदळणारा शब्द म्हणजे 'तिकडे'. केस पेपर तिकडे, बिल तिकडे, रक्त तिकडे, आणि रक्त दिल्यावर कापसाचा बोळा टाकायचा डबाही तिकडेच. सांगणाऱ्याचं बोट अगदी अचूक दिशेला असणार, याबद्दल मला शंका नाही. पण बोटाला आवाज नसतो. 'उजव्या भिंतीच्या कडेने वीस पावलं, मग डावीकडचं दुसरं दार' एवढं सांगायला जो वेळ लागतो, तेवढ्यात 'तिकडे' चारदा म्हणून होतं, आणि दरवेळी पट्टी चढत जाते. दिसत नाही म्हणजे ऐकूही कमी येत असणार, अशी लोकांची प्रामाणिक समजूत आहे.

टोकनचा फलक 'टिंग' करतो आणि आकडा बदलतो. टिंग मात्र सत्तेचाळीसला आणि अठ्ठेचाळीसला एकच. शेजाऱ्याला विचारत बसावं, तर तिसऱ्या टिंगला त्याचाच नंबर लागतो.

मग मदत सुरू होते. एक जण मनगट धरून ओढतो, दुसरा पाठीमागून ढकलतो, तिसरा पांढरी काठीच पकडून पुढे चालू लागतो. धडधाकट पायांसाठी व्हीलचेअरही येते. खरी पद्धत सोपी आहे: तुमचं कोपर आम्हाला धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. जिना आला की चढता आहे की उतरता, ते सांगा. खुर्चीपाशी आमचा हात तिच्या पाठीवर ठेवा. बसणं आम्हाला येतं.

डॉक्टर प्रश्न विचारतात सोबत्याला, "यांना पोट साफ होतं का?" सोबती बहुधा दारापर्यंत हात दिलेला रिक्षावाला. तो बिचारा फार तर मीटर सांगेल. संमतीपत्रापाशी स्टॅम्प पॅड पुढे येतं, मग पेशंट प्राध्यापक का असेना. जाड पुठ्ठ्यात आठ सेंटीमीटर लांब, दीड सेंटीमीटर रुंद खाच कापून ती सहीच्या जागी ठेवली, की झोकात सही होते. फक्त आधी तो कागद कुणीतरी वाचून दाखवायला हवा.

लघवीच्या बाटलीबद्दल लिहू नये, पण लिहिलंच पाहिजे. 'या रेघेपर्यंत भरा' ही सूचना आमच्यासाठी अध्यात्म आहे. रेघेच्या जागी बाहेरून रबरबँड चढवून घ्यावा. पातळ प्लॅस्टिकमधून बोटाला ऊब लागते. ती रबरापर्यंत चढली की थांबावं. तोंड रुंद असलेली बाटलीच मागावी, नाहीतर उबेचा अंदाज भलतीकडेच लागतो.

खरी लढाई घरी, औषधांशी. बीपीची गोळी आणि साखरेची गोळी या जुळ्या बहिणी: पांढऱ्या, गोल, गुळगुळीत. सकाळच्या पाकिटाला एक रबरबँड, रात्रीच्याला दोन, हा आमचा वेद. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशाने खोक्यावर औषधाचं नाव ब्रेलमध्ये आणलं. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला. फोनने टिपला की नाव, बॅच, मुदत सगळं कळावं. मात्र तो सापडायला खोक्याच्या सहाही बाजू कॅमेऱ्यासमोर फिरवाव्या लागतात. शिवाय स्ट्रिपवर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर, आणि केमिस्ट खोकं स्वतःकडे ठेवून पाच गोळ्या कापून देतो. मुदतीची तारीख नेमकी उरलेल्या अर्ध्या भागावर राहते. कापताना छापील कड आपल्याकडे मागून घ्यावी, एवढंच हातात आहे.

सिरपला पाच मिलिची सुई नसलेली सिरिंज घ्यावी. डोळस माणसाकडून दट्ट्या बरोबर पाचवर ओढून घ्यावा आणि नळीच्या काठाशी त्या दांड्यावर ब्लेडने खाच पाडावी. पुढे नखाला खाच लागेपर्यंत ओढायचं. टोक औषधात बुडालेलं हवं आणि ओढणं सावकाश. घाई केली की हवा शिरते, नि निम्मा डोस हवेचाच होतो. डोळ्यांचे थेंब फ्रिजमध्ये ठेवले, अर्थात त्या औषधाला चालत असेल तर, की गारव्यावरून कळतं थेंब डोळ्यात पडला की गालावर. इन्सुलिन पेनची टिकटिक ऐकून युनिट मोजण्याचा मोह होतो. मोजू नका, असं कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं. तिळाएवढ्या अक्षरांत.

रिपोर्ट फोनवर येतो. तो छापील कागदाचा फोटो असतो, त्यामुळे फोनच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक 'चित्र' म्हणून गप्प बसतं. लॅबच्या संगणकातून थेट निघालेली पीडीएफ मागितली तर हिमोग्लोबिनही वाचून दाखवतं.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम २५ मध्ये सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांचा प्रत्येक भाग अडथळामुक्त हवा, असं आहे. विचारलं तर रॅम्प दाखवतात. दाखवतात, हे विशेष. रॅम्प छानच असतो, पण तो टोकनचा आकडा सांगत नाही.

अख्ख्या इमारतीत नीट बोलणारं एकच पात्र मला मान्य आहे: सीटी स्कॅनचं यंत्र. श्वास घ्या, रोखून धरा, आता सोडा. ना बोट, ना ओरडणं, ना सोबत्याला विचारणं. मग ते गप्प होतं, टेबल बाहेर सरकतं, आणि तंत्रज्ञ म्हणतो, "झालं काका. चपला तिकडे आहेत."