डाव्या हातावर बोलण्याचं खापर फोडू नका

शाळा सुरू झाल्या की पालक हमखास विचारतात, "मॅडम, हा डावखुरा आहे, म्हणून बोलताना अडखळतो का? हात बदलू का?" कोथरूडपासून हडपसरपर्यंत, शिकलेल्या घरांतूनही हेच. कधी बालवाडीतच कुणीतरी तसं सुचवलेलं असतं. कळकळीने सांगते, हात बदलू नका.

1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला. त्याच्या तोंडून 'तां' याखेरीज फारसं काही निघायचंच नाही. तो गेल्यावर मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, पुढच्या भागात इजा सापडली. हाच डावा अर्धा शरीराची उजवी बाजू चालवतो. अर्धांगवायूने उजवं अंग लुळं पडलं की पुष्कळदा वाचाही जाते, ती यामुळेच. त्यावरून लोकांनी उलटा हिशोब मांडला, की डावखुऱ्यांची वाचा उजव्या मेंदूत असणार. प्रत्यक्षात उजव्या हाताच्या सुमारे 95 टक्के माणसांचं बोलणं डावा मेंदू सांभाळतो, आणि डावखुऱ्यांपैकीही सुमारे 70 टक्क्यांचं तोच! उरलेल्यांत कुणाचं उजवीकडे, कुणाचं दोन्हीकडे. तीही माणसं व्यवस्थित बोलतात.

हात बदलल्याने तोतरेपणा येतो, असं 1920-30च्या दशकांत अमेरिकेत आयोवा विद्यापीठात सॅम्युअल ऑर्टन आणि ली ट्रॅव्हिस या संशोधकांनी मांडलं होतं. तिथलेच वेंडेल जॉन्सन स्वतः अडखळायचे. त्याच सिद्धांताला धरून, उपाय म्हणून त्यांनी मुद्दाम डावा हात वापरून पाहिला, अडखळणं काही थांबलं नाही. हा सिद्धांत पुढे टिकला नाही, त्यामुळे ती भीती मी कुणालाही घालत नाही.

माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. हात सुधारण्याच्या नादात बोलण्याकडे बघायचंच राहून जातं. अक्षरं गिरवण्याच्या वयात पोराला नको त्या हाताशी झगडायला लावायचं, आणि अडखळणं तसंच! लहानपणी अडखळणाऱ्या बहुतेक मुलांचं अडखळणं आपोआप जातं, हे खरं. पण सहा महिने उलटले, बोलताना चेहरा ताणला जाऊ लागला किंवा घरात आणखी कुणाला हा त्रास असेल, तर वाट न पाहता स्पीच थेरपिस्टला दाखवा. "नीट बोल" म्हणून टोकू नका, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.

शिक्षकांनाही एक विनंती: डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे लिहिताना कोपर शेजारच्याला लागणार नाही.