लॅबला सॅम्पल पाठवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

समस्त इंटर्न, निवासी डॉक्टर आणि सिस्टर, बायोकेमिस्ट्रीला रक्त पाठवण्यात तुमचा हात एव्हाना चांगलाच बसलाय. उरलीसुरली कसर भरून निघावी म्हणून या चार सूचना.

रक्त सलाईन चालू असलेल्या हातातूनच काढा. शीर आयती सापडलेली असते. डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, चालू असेल तर सोन्याहून पिवळं. शुगर सहाशे येते आणि सकाळच्या राउंडला चर्चेला विषय मिळतो.

फॉर्मवर वय, वॉर्ड लिहीत बसू नका. 'अर्जंट' तेवढं लिहा. सगळ्यांवर.

रक्तातली साखर टिकवणाऱ्या नळ्या, म्हणजे फ्लोराइड बल्ब, कपाटातच शोभून दिसतात. शुगरचं रक्त प्लेन बल्बमध्ये घालून दुपारपर्यंत ट्रॉलीवर ठेवा. रक्तातल्या पेशी तासाला पाच-सात टक्के साखर खातात. औषधाविना डायबेटिस आटोक्यात!

सुई न काढता सिरींजचा दट्ट्या जोरात दाबा. पेशी फुटून सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, थेट कोकम सरबत निघतं. आम्ही 'हिमोलाइज्ड' लिहून परत पाठवतो, तुम्ही 'लॅबवाले कामचुकार' म्हणता. हिशोब चुकता.

आता खरी कला, ओतण्याची. प्लेन बल्बमध्ये रक्त कमी पडलं? जांभळ्या बल्बमध्ये आहे की! झाकण काढा, ओता. रक्त ते रक्तच. परवा रात्री अशाच एका कलाकाराचं सॅम्पल आलं. पोटॅशियम ११.४, कॅल्शियम ३.१, अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जवळपास नाहीच. वॉर्डात फोन केला, तर "मशीन बिघडलंय तुमचं." मशीन तपासायच्या कंट्रोल सॅम्पलच्या दोन्ही लेव्हल रेंजमध्ये, चार्ट माझ्या समोर. म्हटलं, "डॉक्टर, पेशंट काय करतोय?" तर खाटेवर बसून बिस्किटं खातोय! पोटॅशियम ११.४ असलेला माणूस पार्ले-जी खात नसतो हो. जांभळ्या बल्बमधलं ईडीटीए म्हणजे पोटॅशियमचंच मीठ. ते कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणून तर रक्त गोठत नाही. फर्स्ट इयरला शिकवतात हे. नवीन सॅम्पल मागवलं, पोटॅशियम ४.२. त्यावर साहेब काय म्हणाले? "बघा, मघाशी तुमचंच चुकलं होतं."

माझंच!

बरं, ११.४ निदान डोळ्यात तरी खुपतं. थेंबभरच ओतलंत तर? ज्याचं खरं पोटॅशियम २.८, म्हणजे धोक्याइतकं कमी आहे, त्याचं ४.५ दिसणार. रिपोर्ट नॉर्मल, आम्ही गप्प, तुम्ही खूश, आणि त्या माणसाचं हृदय रात्रीतून कधी दगा देईल याचा नेम नाही. किंवा ४.२ चं ६.८ दिसणार आणि तुम्ही ते उतरवायला इन्सुलिन लावून मोकळे. जबाबदार कोण? लॅब.

शीर सापडत नाही, बल्ब संपलेले असतात, रात्री एकटा इंटर्न तीस खाटांमागे पळतो, सगळं दिसतं आम्हाला. पुन्हा टोचायचं नसेल तर फोन करा, विचारा, "रक्त थोडंच आहे, आधी काय लावाल?" पोटॅशियमला थोडंसं सीरमही (गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी) पुरतं. आणि ओतलंच असेल, तर आमच्यावर खेकसण्याआधी "ओतलंय" एवढं तरी सांगा. लाज कसली वाटते त्यात? पेशंट तुमचाच आहे ना?