चायनाचा सोर्सिंग एजंट 'फ्री' असतो म्हणे! त्या फॉरवर्डला सविस्तर उत्तर

मेन रोड, रविवार कारंजा, अंबड, सातपूर, नाशकातल्या सगळीकडच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय, चायनातून माल मागवणाऱ्यांसाठी सल्ला म्हणून. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. एक, सोर्सिंग एजंटला, म्हणजे तिकडे फॅक्टरी शोधून आपल्यासाठी माल घेऊन देणाऱ्याला, फॅक्टरी कमिशन देते त्यामुळे तो आपल्याला फुकट पडतो. दोन, पैसे मागितलेच तर जो कमी टक्के सांगेल तो धरायचा. तीन, कामाआधी फी मागणारा म्हणजे फ्रॉड. चार, एजंटचं कमिशन कस्टमला दाखवायचं नाही, उगाच ड्युटी बसते. नवीन पोरं हे वाचून घरचे पैसे लावायला निघालीत म्हणून लिहितोय, कारण चारपैकी एकही गोष्ट जशी लिहिलीय तशी बरोबर नाहीये.

आधी ते फुकटचं प्रकरण. आपण नाशिककर, आडत आपल्याला नवीन नाही. आडत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची, 2016 साली फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायची असं सरकारने ठरवलं, त्यावर बाजार समित्या बंद वगैरे झाल्या, सगळ्यांना आठवत असेल. शेतकऱ्याच्या अंगावर आडत बसायची कारण भाव त्याच्या हातात नव्हता. फॅक्टरीचं तसं नाही ना, भाव तीच सांगते. एजंटला 8 टक्के द्यायचे असतील तर ती ते 8 टक्के आधी तुमच्या रेटमध्ये टाकते आणि मग कोटेशन पाठवते, म्हणजे देणारे तुम्हीच, फक्त ते बिलात दिसत नाहीत. आणि खरी गडबड त्याच्या पुढे आहे, जो फॅक्टरीचं खातो तो फॅक्टरीशी तुमच्यासाठी भांडणार कसा? माल खराब निघाला, कार्टनमध्ये पीस कमी निघाले, तर तो तुम्हालाच समजावणार की भाऊ एवढं चालतं. शिवाय जी फॅक्टरी त्याला कमिशन देत नाही ती तुम्हाला दाखवलीच जात नाही, मग तिचा माल कितीही चांगला असो.

आता टक्क्यांचा मुद्दा, इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. चायनाचे एजंट साधारण 3 ते 10 टक्क्यांत काम करतात, ऑर्डर मोठी असली की टक्के कमी होतात, छोट्या ऑर्डरला बहुतेक जण मिनिमम चार्ज लावतात. पण टक्के हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. टक्के कशावर? फॅक्टरीच्या दारातल्या भावावर म्हणजे ईएक्सडब्ल्यूवर, एफओबीवर म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या भावावर, की भाडं-इन्स्पेक्शन धरून सगळ्या बेरजेवर?

ओळखीतला सातपूरचा एक मुलगा न्यूमॅटिक फिटिंग मागवत होता, त्याने मला पीआय (प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे मालाआधी येणारं कच्चं बिल) दाखवला. वर मोठ्या अक्षरात सर्व्हिस फी 3 टक्के. त्याखाली लोकल चार्जेस, डॉक्युमेंट चार्जेस, वेअरहाऊस हँडलिंग, आणि एकदम तळाशी बारीक अक्षरात युआन-डॉलरचा रेट, जो त्या दिवशीच्या बाजाराच्या रेटपेक्षा बराच खाली होता. त्या मुलाचं सगळं लक्ष 3 टक्क्यांवर, तळाची ओळ त्याने वाचलीच नव्हती. आता हिशोब बघा, आकडे समजायला सोपे घेतो. माल 1,00,000 युआनचा आहे, बाजारात 1 डॉलरला 7.2 युआन मिळतायत, म्हणजे माल साधारण 13,889 डॉलरचा झाला. एजंटने रेट लावला 6.9, तर तोच माल झाला 14,493 डॉलर, नुसत्या रेटमध्ये 604 डॉलर गेले, म्हणजे 4 टक्क्यांहून जास्त. त्यावर त्याचे 3 टक्के धरले की एकूण 14,928 डॉलर. दुसरा एजंट उघडपणे 7 टक्के मागतोय पण बाजाराचा रेट लावतोय, त्याचं एकूण होतं 14,861. म्हणजे 7 टक्केवाला 3 टक्केवाल्यापेक्षा स्वस्त पडला, आणि त्या लोकल चार्जेसच्या ओळी मी अजून धरल्याच नाहीत! म्हणून कोटेशन युआनमध्ये मागा, फॅक्टरीच्या ओरिजिनल कोटेशनची कॉपी मागा, आणि रेट कुठल्या दिवशीचा कुठल्या बँकेचा हे लिहून घ्या.

टक्क्यांची अजून एक अडचण म्हणजे भाव जितका चढा तितकं त्याचं कमिशन जास्त, घासाघीस करून त्याला काय मिळणार? चांगले एजंट तरी करतात, कारण त्यांना तुमची पुढची ऑर्डर हवी असते, पण फीची रचना त्यांना ते करायला लावत नाही हे डोक्यात ठेवा. आणि माल एजंटच्या नावाने एक्सपोर्ट होत असेल तर तिकडच्या व्हॅटचा रिफंड, म्हणजे एक्सपोर्टवर परत मिळणारा कर, कोणाला मिळतो तेही विचारा, तिथे व्हॅटचा मुख्य दर 13 टक्के आहे, त्यामुळे ही रक्कम काही किरकोळ नाही.

मेसेजमध्ये जाता जाता असंही लिहिलंय की बरेच एजंट समुद्राचं भाडंसुद्धा लावत नाहीत. अर्धा कंटेनरही न भरणाऱ्यांनी, म्हणजे एलसीएलने, दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये, माल आणणाऱ्यांनी हे नीट वाचा. तिकडे भाडं शून्य दाखवतात, कधी कधी तर कन्सॉलिडेटर (अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरणारा) उलट तिकडच्या एजंटलाच पैसे देतो, आणि ते सगळं न्हावा शेवा बंदरात तुमच्याकडून डेस्टिनेशन चार्जेसच्या नावाखाली वसूल होतं. डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडवायचा कागद, त्यांच्या हातात, माल सीएफएसला म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात पडून, रोजचं भाडं चढतंय, तुम्ही भांडणार कोणाशी? सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून भाव, घेतलंत तर हे होणारच, निदान इथले चार्जेस दर सीबीएमला (घनमीटरला) किती हे माल निघायच्या आधी ईमेलवर लेखी घ्या. जमलं तर एफओबी घ्या आणि फॉरवर्डर, म्हणजे माल वाहतुकीची व्यवस्था करणारा, आपला ठेवा.

तिसरा मुद्दा, आधी फी मागणारा फ्रॉड. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण यामुळे जे सरळ काम करतात तेच बाद होतात. सप्लायर शोधणं, सॅम्पल गोळा करणं, ते तपासणं, हे काम ऑर्डरच्या आधीचं आहे, त्याला दिवस लागतात. काही जण त्याची ठरावीक फी घेतात आणि ऑर्डर आली की कमिशनमधून वजा करतात. चायनातल्या यीवू शहराच्या होलसेल मार्केटमध्ये सुमारे 75,000 दुकानं आहेत, तिथे किंवा ग्वांगझूच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला, जो वसंतात आणि शरदात असा वर्षातून दोनदा भरतो, कोणी तुमच्यासोबत फिरून दुभाषाचं काम करत असेल तर तो दिवसाचे पैसे घेणारच. बाहेरच्या कंपनीकडून इन्स्पेक्शन करायचं तर माणसाच्या एका दिवसाला साधारण 200 ते 300 डॉलर. आणि एक फार महत्त्वाचं, टक्क्यांवरचा एजंट तुम्ही ऑर्डर दिली तरच कमावतो, म्हणून हा माल घेऊ नका असं सांगणं त्याला परवडत नाही, ठरावीक फीवाला ते सांगू शकतो.

फ्रॉड ओळखायचा तर मालाचे पैसे कुठे मागतोय ते बघा. नेहमीची पद्धत 30 टक्के अ‍ॅडव्हान्स आणि उरलेले 70 टक्के माल निघायच्या आधी, मी म्हणेन इन्स्पेक्शन रिपोर्ट हातात आल्यावरच. पीआयवर जी कंपनी तीच बँक खात्यावर पाहिजे. कोणाच्या पर्सनल खात्यावर टाका म्हणाला किंवा इथेच कोणाला तरी कॅश द्या म्हणाला की तिथेच थांबा, कारण पैसे बँकेतून टीटीने (परदेशी बँक ट्रान्सफरने) गेले पाहिजेत आणि नंतर बिल ऑफ एंट्रीशी, म्हणजे कस्टमला भरलेल्या आयातीच्या कागदाशी, जुळले पाहिजेत.

चौथा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो सरळ कायदा मोडायला शिकवतो, आणि तेही गरज नसताना. आयात मालाची किंमत ठरवायचे 2007 चे कस्टम व्हॅल्युएशन नियम आहेत, त्यातला नियम 10 म्हणतो की कमिशन आणि दलाली मालाच्या किमतीत धरायची, पण बाइंग कमिशन सोडून. बाइंग कमिशन म्हणजे आपल्या वतीने परदेशात खरेदी करून देणाऱ्या आपल्या एजंटला आपण दिलेली फी. म्हणजे एजंट खरंच तुमचा असेल, त्याच्याशी लेखी करार असेल, फीचं इन्व्हॉइस वेगळं असेल आणि फॅक्टरीचं इन्व्हॉइस वेगळं, तर त्या फीवर कस्टम ड्युटी लागतच नाही, लपवायचं कशाला? उलट तो 'फ्री' एजंट, ज्याचं कमिशन फॅक्टरीच्या रेटमध्ये मिसळलंय, त्या कमिशनवर तुम्ही बेसिक ड्युटी, तिच्यावरचा 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज आणि वरून आयजीएसटी असं सगळं भरताय. आणि बिलात रक्कम कमी दाखवून पकडले गेलात तर कस्टम कायद्याच्या कलम 111 खाली मालच जप्त होऊ शकतो, पेनल्टी वेगळी. तेव्हा एजंटशी केलेला करार आणि दोन्ही इन्व्हॉइसचे नमुने आपल्या सीएचएला (कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटला) अ‍ॅडव्हान्स पाठवायच्या आधी दाखवा, माल न्हावा शेवाला लागल्यावर दाखवून काही उपयोग नाही.