स्वखुशीने राजीनामा कसा द्यावा

हिंजवडीत पंधरा-वीस वर्षे काढलेल्या, पंचेचाळिशीकडे झुकलेल्या आणि गृहकर्जाचे निम्मे हप्ते अजून फेडायचे असलेल्या वाचकहो, कृत्रिम बुद्धिमत्तेला घाबरू नका; घाबरण्यात वेळ जातो आणि आपला वेळ कंपनीच्या मालकीचा आहे. कोणत्या ग्राहकाची यंत्रणा रात्री दोन वाजता का बंद पडते आणि ती कशी सुरू करायची, हे वर्षानुवर्षांच्या जागरणातून साठवलेले ज्ञान नव्या यंत्राला मन लावून शिकवावे. पूर्वी अशी 'केटी', म्हणजे 'नॉलेज ट्रान्सफर', नव्या सहकाऱ्याला देत असत. तो निदान चहा तरी पाजत असे.

चौघांचे काम दोघांत होऊ लागल्यावर उरलेल्या दोघांचा पगार कोणाकडे गेला, हे मात्र विचारू नये. आणखी शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल, असे भाकीत अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३० मध्ये केले होते. ती मुदत संपत आली असताना नारायण मूर्तींनी ७० तासांचा आणि एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांचा आठवडा सुचवला आहे, तेव्हा यंत्राने वाचवलेले तास कुठे गेले याचा हिशेब आपण रविवारी करावा, अर्थात रविवारी घरी असल्यास.

टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार लोक, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले, कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असा खुलासा झाला. म्हणजे यंत्र निर्दोष सुटले. आपण रात्री जागून नवा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा आणि तो संपेपर्यंत जुना ठरल्यास दुसरा घ्यावा.

पगारावर जगणे हेच मुळात मागासलेपणाचे लक्षण आहे. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशातील सुमारे ४० टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती. आपणही त्यांच्यात सामील होऊन एखादे डेटा सेंटर उभारावे आणि भांडवल वडिलांकडून घ्यावे.

ते जमले नाही, तर राजीनामा स्वखुशीने लिहून द्यावा. त्यामुळे कंपनीला कोणालाही काढावे लागत नाही, कामगार आयुक्तांना त्रास होत नाही आणि अनुभवाचे प्रमाणपत्र वेळेवर मिळते, जे घेऊन पुढच्या मुलाखतीला बसता येते. तिची पहिली फेरी हल्ली बरेचदा यंत्रच घेते.