ती भिंत ऑशविट्झची नव्हे

महिन्याभरात एकच मजकूर मला चार ठिकाणांहून आला. वर काटेरी तारांच्या कुंपणाचं काळंपांढरं चित्र, खाली दोन मिनिटांची ध्वनिफीत, आणि मध्ये गोष्ट. ती अशी: ऑशविट्झ या नाझी छळछावणीतल्या गॅस चेंबरच्या भिंतीवर एका ज्यू मुलीने मरण्यापूर्वी नखांनी आईला निरोप कोरला, तो वाचून एका अनाम, गरीब पोलिश संगीतकाराने सिम्फनी लिहिली, पहिल्याच प्रयोगाला सगळं सभागृह ढसाढसा रडलं, रातोरात लाखो प्रती खपल्या, आणि त्यानंतर त्याने पुन्हा लेखणी उचलली नाही.

सिम्फनी खरी आहे. हेन्रिक गुरेत्स्की यांची तिसरी, ‘शोकगीतांची सिम्फनी’. बाकीच्या गोष्टीत खरं हाताशी लागणं कठीण.

भिंतीपासूनच सुरुवात करू, कारण सगळं तिच्यावरच उभं केलंय. ती ऑशविट्झमध्ये नाही. ती आहे पोलंडच्या दक्षिण टोकाला, ताट्रा डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या झाकोपाने गावात. तिथल्या ‘पॅलेस’ नावाच्या इमारतीत युद्धकाळात गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ठाण मांडलं होतं, आणि तळघरात कोठड्या केल्या होत्या. पोद्हाले नावाच्या त्या मुलखातले लोक तिला पोद्हालेचं छळघर म्हणत. तळघरातल्या तीन नंबरच्या कोठडीत हेलेना व्हांडा ब्वाझूशाकूव्ना या 18 वर्षांच्या मुलीच्या ओळी आहेत. खाली नाव आणि सप्टेंबर 1944 पासून कैदेत असल्याची नोंद. ओळी एवढ्याच: आई, रडू नकोस. स्वर्गाच्या निर्मळ राणी, मला सदैव आधार दे. आणि शेवटी ‘आवे मारिया’ या प्रार्थनेचे पहिले दोन शब्द, पोलिशमधले.

मुलगी ज्यू होती म्हणणाऱ्याने या ओळी वाचल्याच नाहीत, हे इथेच कळतं. मरियमचा धावा करणारी ती कॅथलिक पोर आहे. यात कुणाचं दुःख मोठं आणि कुणाचं धाकटं असा हिशेब नाही. पण एका मुलीने स्वतःचं नाव आणि तारीख लिहून ठेवलेली असताना तिला भलत्या गावच्या भलत्या मरणात नेऊन बसवणं मला तरी पटत नाही.

गुरेत्स्कींनी याच ओळी का निवडल्या, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. तिथल्या भिंतींवर आणखीही बरंच खरडलेलं होतं: मी निर्दोष आहे, खुनी, जल्लाद, सोडवा मला. सगळी मोठी माणसं, आणि सगळ्यांचा आवाज चढलेला. त्यात ही जवळजवळ पोरच, आणि ती ओरडत नाही, सूड मागत नाही. स्वतःचं काय होणार याची काळजी नाही, घरी आई रडत असेल याची आहे. फॉरवर्डवाल्यांनी नेमकी हीच गोष्ट पुसून तिथे नखं आणि रक्त आणलं.

‘म्हणजे ही सिम्फनी होलोकॉस्टवर नाहीच?’ नाही. हा समज मात्र हवेतून आलेला नाही, तेवढं मान्य करायला हवं. गुरेत्स्कींचं सगळं आयुष्य पोलंडमधल्या कातोवित्से शहराच्या परिसरात गेलं, तिथून ऑशविट्झ लांब नाही. घरातली माणसं छळछावण्यांत गेली. आजोबा डाखाउमध्ये होते, मावशी-आत्यांपैकी एक ऑशविट्झमध्ये. टोनी पामर यांच्या 1993 च्या ब्रिटिश माहितीपटाने हे सूर छावण्यांच्या दृश्यांना जोडले, आणि ज्यांनी सिम्फनी आधी पडद्यावर ऐकली त्यांच्या मनात ती जोडी कायमची बसली. पण गुरेत्स्कींनी साफ सांगितलं होतं की ही सिम्फनी युद्धाबद्दल नाही. ती साधी, शोकगीतांची सिम्फनी आहे.

तिच्यात आहे ते आई आणि लेकरू. तीन भाग, तीन गाणी. पहिल्यात पंधराव्या शतकातला पोलिश विलाप: क्रुसावरच्या मुलाला मरियम म्हणते, तुझ्या जखमांतला वाटा मला दे. दुसऱ्यात कोठडीतली मुलगी आईशी बोलते. तिसऱ्यात पोलंडच्या सिलेशिया मुलखातलं एक लोकगीत, हरवलेल्या मुलाला शोधणाऱ्या आईचं. गुरेत्स्कींचा जन्म 6 डिसेंबर 1933 चा, सिलेशियातल्या रिब्निकजवळच्या चेर्नित्सा गावातला. आई पियानो वाजवायची. त्यांच्या दुसऱ्या वाढदिवसालाच ती गेली, 26 व्या वर्षी. पुढे सावत्र आईला त्यांनी पियानोला हात लावलेला खपत नसे. यावरून सिम्फनीचा उलगडा झाला असं मी म्हणणार नाही, कलाकृती इतक्या सरळ हिशेबाने होत नाहीत. पण कारण शोधायचंच असेल तर ते ऑशविट्झपेक्षा चेर्नित्सात लवकर सापडेल.

आता ‘अनाम, गरीब’. 1960 साली वॉर्सा ऑटम महोत्सवात त्यांची ‘स्कोंत्री’ वाजली तेव्हापासून पोलंडच्या नव्या संगीतातला सर्वांत बंडखोर तरुण म्हणून त्यांचं नाव होतं. वाद्यवृंद अक्षरशः अंगावर येतो त्यात. बोलेस्वाव शाबेल्स्की यांच्या हाताखाली ते शिकले, त्याच कातोवित्सेच्या संगीत महाविद्यालयाचे 1975 मध्ये रेक्टर, म्हणजे प्रमुख, झाले. तिसरी सिम्फनी लिहिली तेव्हा ते त्याच खुर्चीवर होते. लिहिली ती 30 ऑक्टोबर ते 30 डिसेंबर 1976 या दोन महिन्यांत. बाडेन-बाडेनच्या जर्मन रेडिओने काम सांगितलं होतं, आणि ती अर्पण केली पत्नी याद्विगा यांना.

पहिल्या प्रयोगाला सभागृह रडलं? 4 एप्रिल 1977, फ्रान्समधलं रुआयाँ, नव्या संगीताचा महोत्सव. एर्नेस्त बूर यांचं संचालन, स्तेफानिया वोयतोविच गायल्या. समोर बसलेल्यांना नवं म्हणजे कर्कश, तुटक, अवघड असंच हवं होतं, आणि हा बंडखोर गडी एकदम संथ, सुरेल काहीतरी घेऊन आला. एका जर्मन समीक्षकाने लिहिलं की तीन जुन्या लोकचाली, बाकी काही नाही, 55 मिनिटं संपता संपत नाहीत. शेवटी ए मेजरचा तोच स्वरसंघ 21 वेळा येतो. गुरेत्स्की पुढे सांगायचे, की तेव्हा शेजारच्या एका नामवंत फ्रेंच संगीतकाराने सणसणीत फ्रेंच शिवी हासडली. अश्रूंची नोंद कुठे नाही, शिवीची आहे.

‘रातोरात’ हा शब्द तर मला फारच आवडला. सिम्फनी 1976 ची. मधल्या काळात तिची तीन ध्वनिमुद्रणं झाली, मोरिस पियाला यांच्या 1985 च्या ‘पोलीस’ या फ्रेंच चित्रपटात तिचा तुकडा वाजला, आणि जग आपल्या कामाला लागलं. मग 1992 मध्ये नॉनसच कंपनीने डॉन अपशॉ यांच्या आवाजातलं, डेव्हिड झिनमन यांनी लंडन सिन्फोनिएटाकडून वाजवून घेतलेलं मुद्रण काढलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये क्लासिक एफएम हे रेडिओ केंद्र सुरू झालं आणि त्यांनी ती सतत वाजवली. गाडी चालवताना लोक रस्त्याकडेला थांबून ऐकायला लागले म्हणतात. ब्रिटनच्या सर्वसाधारण यादीत, पॉपच्या अल्बमांच्या रांगेत, ती सहाव्या क्रमांकापर्यंत चढली. पुढे दहा लाखांवर प्रती गेल्या. सोळा वर्षांची रात्र जरा लांबच झाली.

मजकुरात नसलेला, पण त्याच्याखाली हमखास येणारा एक शेरा असतो: ‘तीन सूर घोळवलेत, यात काय मोठंसं?’ पहिला भाग हेडफोन लावून ऐका. डबल बास अगदी तळातून, खर्जात, 24 मापांची एक चाल सुरू करतात. इतक्या हळू की फोन बंद पडला की काय असं वाटावं. ती संपली की वरचा गट तीच चाल पंचमावरून उचलतो. मग पुढचे, त्याच्याही पंचमावरून. असे एकावर एक आठ पदर, एकही मधला दुवा न सोडता. जवळपास निम्मा भाग सरेपर्यंत गायिका गप्प असते. मग तंतुवाद्यं एका सुरावर येऊन थांबतात आणि त्या सुरातून तिचा आवाज निघतो. तिचं गाणं झालं की ते आठ पदर पुन्हा एकेक करून सुटत जातात, शेवटी फक्त बास उरतात. हा कॅनन आहे, म्हणजे एकच चाल एकामागून एक पदरांनी उचलायची रचना, बांधायला भयंकर काटेकोर. कान त्याला साधेपणा समजतो, हे बांधणाऱ्याचं कसब.

‘पुन्हा लेखणी उचलली नाही’ हे वाचून मात्र मी मोठ्याने हसलो. पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, क्राकुव्हचे कार्डिनल कारोल वोइतिवा यांनी त्यांना एक मोठी रचना सांगितली. ती पूर्ण होईतो कार्डिनल पोप जॉन पॉल दुसरे झाले होते. 9 जून 1979 ला क्राकुव्हमध्ये ‘बेआतुस व्हीर’ पोपसमोर सादर झाली, संचालन स्वतः गुरेत्स्कींचं. पोपना कातोवित्सेला येऊ द्यायला कम्युनिस्ट सरकारने नकार दिला, आणि त्याच वर्षी गुरेत्स्कींनी रेक्टरपद सोडलं. 1981 च्या मार्चमध्ये बिद्गोश्चला पोलिसांनी सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेच्या लोकांना मारहाण केली, त्यावर त्यांनी ‘मिझेरेरे’ लिहिली: वाद्यं नाहीत, फक्त मोठा गायकवृंद, आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ लॅटिनचे पाचच शब्द. ती गाऊन दाखवायला 1987 उजाडावं लागलं. क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या गटासाठी तीन क्वार्टेट झाली. हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याची नऊएक मिनिटांची धमाल कॉन्चेर्तो झाली. ज्यांना हा माणूस फक्त रडवतो असं वाटतं त्यांनी ती ऐकावी. 12 नोव्हेंबर 2010 ला ते गेले तेव्हा चौथ्या सिम्फनीचा आराखडा मागे होता. मुलगा मिकोवाय, तोही संगीतकार, त्याने तिची वाद्ययोजना पुरी केली आणि 2014 च्या एप्रिलमध्ये ती लंडनला वाजली.

राहिली ती दोन मिनिटांची ध्वनिफीत. ती मी नीट ऐकली. दोन स्वरसंघ पाळण्यासारखे झुलतायत, वर बाई गातेय. हा दुसरा भाग नव्हेच. झाकोपानेची मुलगी त्यात कुठेच नाही. फॉरवर्ड करणाऱ्याने तिसऱ्या भागाचा तुकडा लावलाय, आणि गाणारी आहे ती सिलेशियातली म्हातारी, जिचा मुलगा पहिल्या महायुद्धानंतरच्या उठावात मेला असावा. ती लोकांना विचारत फिरते, माझ्या पोराला का मारलंत. डोळे फुटेपर्यंत रडले, माझ्या आसवांची दुसरी ओडर नदी झाली, तरी तो परत येणार नाही, म्हणते. कुठल्या खड्ड्यात पडला असेल कोण जाणे, घरी ऊबदार अंथरूण असताना. मग पाखरांना सांगते, तुम्ही तरी त्याच्यासाठी गा, त्याच्या आईला तो सापडत नाही.